भरलेला माठ

जठारपेठ, अकोला
९ फेब्रुवारी २०२५

ती. वामनमामांस,
पौर्णिमाचा सा. न. वि. वि.

पत्र लिहिते आहे, कारण तुमच्याशी फोनवर बोलणं म्हणजे अख्ख्या शेंदूरजनाघाटाशी बोलणं. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून मी ओरडते, तुम्ही स्पीकर लावता, आणि शेडमधल्या बाया संत्री निवडता निवडता माझ्या पोटदुखीवर औषधं सुचवतात. त्यापेक्षा हे बरं.

मुंबईच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ची फेलोशिप निघाली आहे. अर्जात एक पान स्वतःबद्दल लिहायचं आहे. मला काय काय येतं, आजवर काय काम केलं आणि आकडेवारीच्या संशोधनात नेमका कशात रस आहे. सामाजिक धोरण शिकलेल्या मुलीला जगातल्या सगळ्यांबद्दल लिहिता येतं, पण स्वतःबद्दल लिहायला बसले तर लग्नाचा बायोडाटा होऊन बसला. सर्वेक्षणाचा आराखडा करता येतो, नमुना निवडता येतो, असं लिहिलं की पुढे वर्ण गव्हाळ, स्वभाव शांत असं आपोआप पेनात येतं. शिसारी आली आणि कागद फाडले.

ऑफिसचाही वीट आला आहे. आमचे किशोर सर संडासाच्या दारासमोर फीत कापताना दात काढून उभे आहेत, असा फोटो त्यांनी भिंतीवर लावला आहे. रोज सकाळी त्याच्याखाली बसून मी डबा उघडते.

पण एका कामाचा मला खरंच अभिमान आहे. आमच्या संस्थेनं वरूडकडच्या संत्र्याच्या शेडांमध्ये बायांसाठी संडास बांधून दिले, आणि वर्षभरानं त्यांचा उपयोग होतो का हे पाहायचं काम माझ्याकडे आलं. नोव्हेंबरात मी तुमच्याकडे राहून ते केलं, आठवतं ना. तुमच्या ओळखीनं सगळ्या शेडांची दारं उघडली. जवळजवळ प्रत्येक बाई म्हणाली, संडास आहे, उघडा असतो, काही त्रास नाही. इतके चांगले आकडे मी पुस्तकातही पाहिले नव्हते. अर्जाचा सगळा भार याच अभ्यासावर आहे. तो काढला तर माझ्याकडे मार्कलिस्टशिवाय दाखवायला काही उरत नाही.

म्हणून एक काम सांगते. तुमच्या शेडात संडास आल्यापासून काय बदललं, ते चार ओळींत लिहून पाठवा. शेडमालकाचे शब्द म्हणून अर्जाला जोडीन. आई वलगावला बरी आहे, तिला तुमची आठवण येते आणि तुमच्यावर रागही येतो, दिवाळीला आला नाहीत म्हणून. मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो संत्र्याच्या पेटीतून आला तरी चालेल.

तुमची
पौर्णिमा

⁂

शेंदूरजनाघाट, ता. वरूड, जि. अमरावती
१७ फेब्रुवारी २०२५

चि. पौर्णिमास,
मामाचे अ. आ., आणि भाची म्हणून तुझ्या पायांना हात.

तुझी ती पुण्याची मैत्रीण आली होती, तिला हसू आवरलं नव्हतं, की एवढा म्हातारा माणूस पोरीच्या पाया कसा पडतो. तिला सांग, आमच्याकडे भाची म्हणजे देव. देवाच्या पाया पडायचं, आणि देव वयानं लहान असला तर वरून आशीर्वादही द्यायचा.

तुझं पत्र वाचून छाती फुगली. तुळजापूरला तुला कॉलेजात सोडायला मी आलो होतो तेव्हा तू एसटीत मला धरून रडली होतीस, आणि आता मुंबईचे लोक तुला विचारतात की तुला काय काय येतं. लिहून टाक, सगळंच येतं. फक्त भाकर गोल येत नाही.

संडासाचं विचारलंस. आपल्या शेडातला संडास पाहशील तर हॉटेलातला वाटेल. निळं दार, पांढरी फरशी, अजून एक डाग नाही. त्याचं कारण मी कुलूप ठेवलं आहे. तुम्ही लोक आलात त्या दिवशी फिनेलनं धुऊन उघडला होता, मग पुन्हा लावून टाकला. आत खताच्या गोण्या ठेवतो. ओल लागत नाही आणि उंदीर जात नाहीत, शेडात अशी दुसरी जागा नाही. बायांना त्याची गरजही नाही. लहानपणापासून सवय आहे त्यांना. सकाळी घरून येतात त्या दिवस मावळता घरी जाऊनच काय ते. पाणीही पीत नाहीत फार. सकाळी भरलेला माठ संध्याकाळी तसाच असतो, शेडातली चंदा जाताना लिंबाच्या बुडाशी ओतून देते. लिंब मात्र काय फोफावला आहे, येशील तेव्हा पाहा.

तुझ्या मामीचे सांधे धरलेत तरी ती बायांबरोबर निवडायला बसते, ऐकत नाही. आणि मृग बहाराची फळं ऐन निवडायला आली असताना आपल्या शेडातल्या कुलसुमबीनं अंथरूण धरलं. ताप, जळजळ, लघवीतून रक्त. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात टाकली आहे. तिच्याइतका हात कोणाचा चालत नाही, एका नजरेत फळाची प्रत सांगते. या बायांच्या तब्येतीचं काही खरं नसतं.

यातलं तुला हवं ते जोड. शेवटी माझं नाव पूर्ण लिही, वामनराव. पेटी किसनच्या गाडीनं पाठवतो आहे. माया आहे ती वाढो, तुझं वजनही वाढो.

तुझा मामा
वामनराव

⁂

अकोला
२५ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र जेवताना उघडलं आणि ताट सरकवून दिलं. पुन्हा वाचलं, की मस्करी असेल. मग कळलं की तुम्ही अगदी प्रेमानं लिहिलं आहे. मामा, तुम्ही खताला छप्पर दिलंत आणि बायांना सवय.

शनिवारी मी अमरावतीला गेले. कुलसुमबी खाटेवर पाठमोरी पडली होती, ओळखू आली नाही इतकी वाळली आहे. डॉक्टरीणबाई माझ्यावरच चिडल्या. म्हणाल्या, या पट्ट्यातून अशा बाया हंगामात येतातच, दिवसभर लघवी दाबतात, त्या भीतीनं पाणी पीत नाहीत, आणि मूत्रपिंडापर्यंत गेल्यावर इथे येतात. ही थोडक्यात वाचली.

मी कुलसुमबीला विचारलं, मग नोव्हेंबरात मला हो का म्हणालात, संडास उघडा असतो असं का सांगितलंत. तिनं माझा हात हातात घेतला, जशी मीच आजारी आहे, आणि म्हणाली, “तू तं गावाची भाची हायेस, बाई. भाचीजवळ मामाचं गाऱ्हानं कोन सांगते?”

तिथून बाहेर आले आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. तुम्ही प्रत्येक शेडात आधी सांगून ठेवलं होतं, माझी भाची येऊन राहिली, तिच्याशी नीट बोला. मला वाटलं होतं, घरची मुलगी म्हणून बाया मोकळेपणी बोलतील. त्यांनी मला कुंकू लावलं, हातावर नारळ ठेवला. आईच्या वयाच्या बाया माझ्या पाया पडल्या, आणि लगेच त्यांच्याचसमोर बसून मी विचारलं, काही त्रास आहे का. प्रश्न दहा वेळा तपासले होते मी. विचारणारी कोण आहे, हे एकदाही तपासलं नाही. आणि अहवालात त्या नारळाला मी ‘उत्तरदात्यांचा विश्वास’ असं नाव दिलं. वऱ्हाडात वाढलेल्या मुलीनं ही चूक करावी याची मला किळस येते.

किशोर सरांना सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, एवढंच ना, तुझ्या मामाचं शेड गाळून टाक, सरासरी हलत नाही. बाया हो म्हणाल्या, तर आपण नाही लिहिणारे कोण. पुढच्या टप्प्याचा निधी याच अहवालावर येणार आहे, हे त्यांनी खुर्चीतून उठता उठता सांगितलं. मागे फीत कापायचा फोटो होताच.

मी शेड गाळणार नाही. सगळं पुन्हा मोजणार आहे, आणि या वेळी संडासाचं विचारणारच नाही. तुमच्या पत्रातल्या माठावर माझी नजर खिळली आहे. सकाळी माठात पाणी किती आणि संध्याकाळी किती उरलं, एवढंच पाहायचं. ज्या बाईला जायला जागा आहे ती मार्चच्या उन्हात पाणी पिणारच. माठाला मी कोणाची भाची आहे ते माहीत नाही.

पेटी मिळाली. अजून उघडली नाही. मामींना नमस्कार, त्यांनाही विचारा, त्या दिवसभरात किती पाणी पितात. तुम्ही नीट असा.

पौर्णिमा

⁂

शेंदूरजनाघाट
५ मार्च २०२५

चि. पौर्णिमास,
अ. आ.

अमरावतीपर्यंत आलीस आणि घरी आली नाहीस. दवाखान्यात बसून मामाची चौकशी केलीस. कुलसुमबीचा पोरगा गुलफाम इथे येऊन सांगतो की पौर्णिमाताई रडत होत्या, आणि आम्ही तोंड उघडून ऐकतो. गावात माझं काय राहिलं?

तू पुस्तकातलं बोलतेस. शेड चालवून पाहा. संडास उघडा ठेवला तर महिन्याभरात आत पाय ठेववणार नाही. पाणी टाकत नाहीत, दार लावत नाहीत, कुठेही थुंकतात. घाण करतात लोक, म्हणून कुलूप आहे. मला किळस येते, तुला येत असेल तशीच. साफ कोण करणार, तू अकोल्याहून येणार का? दुसऱ्या मालकांनी तर दारंही काढून नेली आहेत, त्यांना तू पत्रं लिहीत नाहीस. मी खरं लिहिलं म्हणून मी वाईट.

तुझी मामी गेली कित्येक वर्षं त्याच शेडात बसते, तिनं कधी तक्रार केली नाही. तुझा प्रश्न मी तिला वाचून दाखवला. ती उठून गेली, एवढंच तुला कळवतो.

तुला मोजायचं ते मोज. पण आमच्या शेडाचं नाव कुठे लिहायचं नाही, मामाचं म्हणून एवढं ऐक. कळावे.

वामनराव

⁂

अकोला
१९ मार्च २०२५

ती. मामांस,

मोजून झालं. मी आले नाही, माझ्याबरोबर काम करणारी तहरीम आली होती. तिकडे तिला कोणी ओळखत नाही. तिनं शेडात एकही प्रश्न विचारला नाही. सकाळी आणि संध्याकाळी माठात लाकडी पट्टी बुडवून पाहिली, आणि बाया घरी चालल्या की त्यांच्याबरोबर रस्त्यानं चालली. तुमच्याकडेही ती आली होती. फळांच्या प्रतवारीवर काम करते असं समजून तुम्ही तिला चहा पाजलात, आणि बाया किती घाणेरड्या असतात ते अर्धा तास समजावलंत. आम्ही मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. त्याचंही मला बरं वाटत नाही, पण नारळ घेऊन फसण्यापेक्षा ते बरं.

संध्याकाळी माठ जवळजवळ भरलेलेच होते. एका शेडाचा तेवढा तळ दिसत होता. तिथला संडास उघडा आहे, मालकीणबाई स्वतः तोच वापरते, आणि तहरीम सांगते की तो स्वच्छ आहे. रस्त्यानं चालताना बायांनी तिला काय काय सांगितलं ते तुम्हाला लिहीत नाही. ओला पदर ओठांवर धरून दिवस काढायचा, पाळीच्या दिवसांत खाडा करायचा, एवढंच लिहिते. यातलं एक अक्षर त्यांनी मला सांगितलं नव्हतं.

हे सगळं किशोर सरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी चाळलंही नाही. माझं नाव काढून जुनाच अहवाल पुढे पाठवला. आता आणखी गावांत आणखी निळी दारं बसतील आणि आणखी फोटो निघतील. महिनाअखेर मी नोकरी सोडते आहे. त्या भिंतीखाली आता घास उतरत नाही.

अर्जाची मुदत परवा संपली. मी अर्ज पाठवला नाही. जुना अभ्यास जोडवेना, आणि नवा नीट मांडायला वेळ पुरला नाही. आईला सांगितलं. तिला तुमच्यावर रागवायचंय की माझ्यावर, ते तिचं अजून ठरत नाही.

तुमच्या शेडाचं नाव येणार नाही. आमच्या कामात तसंही कोणाचं नाव लिहीत नाहीत. तुम्ही मागायची गरज नव्हती.

एक गोष्ट मात्र मी मागते. यापुढे मी आले तर माझ्या पाया पडू नका. त्या पाया पडण्यानंच बायांची तोंडं बंद केली. तुम्ही खाली वाकलात की मला आता तो खताचा वास येईल. एवढं लिहूनही रडू येत नाही, नुसती घृणा येते, आणि ती तुमच्याबद्दल वाटावी हे मला सहन होत नाही. दर पत्राच्या शेवटी लोभ मागते, आज मागवत नाही.

पौर्णिमा

⁂

शेंदूरजनाघाट
२८ मार्च २०२५

चि. पौर्णिमाले,
रुख्मिणीमामीचा लय लय आशीर्वाद.

मले तुमच्यासारखं लिवता येत नाई, मी बोलतो तसंच लिवतो. तुझं पत्र तुझ्या मामानं वाचलं अन् उशीखाली ठेवलं. मी काढून वाचलं. तू विचारलं होतं ना, मामी दिवसभरात किती पानी पेते. मले इतक्या वर्षात कोनी विचारलं नव्हतं. सकायचा चहा, अन् मंग घरी आल्यावर. मालकीन असून मीबी. बायाइच्या समोर मी एकटी उठून घरी कशी जाऊ, म्हनून बसून राहो.

आता आयक. तुले ठाऊक हाये, मामाच्या गुडघ्याचं आपरेशन झाल्यापासून त्याइले खाली बसता येत नाई. घरात खुर्चीवानी संडास केला तो त्याच्याचसाठी. चहा पेल्यावर त्याइची जायची वेळ ठरली हाये. पाच दिवसामांगं मी चहा देला, संडासाले कुलूप लावलं, किल्ली कमरेले खोसली अन् शेडात येऊन बसली.

थोड्या वेळानं तुझा मामा आला. घाम फुटलेला. शेजाऱ्याले मांगायची लाज, वावरात बसता येत नाई. मले खुनवून राहिले, मी पाहातच नाई. मंग जवळ येऊन बारीक आवाजात म्हने, किल्ली दे. मी सगळ्या बायाइच्या समोर म्हनलं, “घान करतात लोक, म्हनून कुलूप हाये.” त्याइचेच शब्द. एकबी बाई हासली नाई. साऱ्या खाली मुंडी घालून संत्रे निवडत होत्या.

मी म्हनलं, आधी त्या निळ्या दारातलं खत भायेर काढा, मंग ते घरचं उघडन. मले वाटलं मारतील. पन माय, गरज कोनाले थांबू देते. स्वतः गोन्या वढल्या, एक एक करून, लंगडत लंगडत. शेडातला सूर्यभान मदतीले आला तं मी त्याले बसवलं. शेवटची गोनी भायेर आली तवा त्याइच्या डोयात पानी होतं, घामाचं का कशाचं ते मी नाई पाहालं. मंग किल्ली देली. घरापर्यंत पोचले का नाई, हे मी तुले सांगनार नाई. नवरा हाये माहा.

मी आता निळ्या दारात जातो, बायाइच्या समोर, अन् मीच पयले पानी टाकतो. धुवाच्या पाळ्या लावल्या, त्यात मीबी हाये. कुलसुमबी घरी आली. तिले बसून सोपं काम देलं अन् तांब्या जवळ ठेवला. पोरी, अर्ज गेला म्हनून खचू नको. घरी ये. तुह्यासाठी भाकर मीच गोल करीन.

तुझी मामी
रुख्मिणी

⁂

शेंदूरजनाघाट
९ एप्रिल २०२५

चि. पौर्णिमास,
अ. आ.

तुझ्या मामीनं तुला काय लिहिलं ते तिनं मला सांगितलं. सगळं खरं आहे. शेवटचं जे तिनं लिहिलं नाही, तेही तुला कळलंच असेल. नाही पोचलो.

न्हाणीत बसून कपडे धुतले आणि बराच वेळ बाहेर आलो नाही. त्या दिवशी मला माझीच इतकी किळस आली की दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. एका सकाळीत माझी ही गत झाली. त्या बाया हंगामभर दाबून बसतात आणि वर मलाच भाऊ म्हणतात. यावर जास्त लिहीत नाही.

खत घराच्या ओसरीवर ठेवलं आहे. वास येतो, सहन करतो. दाराचं कुलूप काढलं, आतून कडी बसवली. माठ दुपारीच खडखडाट होतो, चंदा दुसऱ्यांदा भरते. लिंबाला आता पाणी मिळत नाही, तो वाळला तर वाळला.

पुढच्या वर्षी मुंबईचा अर्ज निघेल तेव्हा भर. तुमच्या कामात नाव लिहीत नाहीत असं तू म्हणालीस. आमचं लिही. आधी काय होतं ते लिही, कोणी लपवलं ते लिही, आणि शेडमालकाचे शब्द म्हणून हे पत्र जोड. नाव लिहू नको ही माझी मागची मागणी परत घेतो.

तू केव्हाही ये. दारात उभा राहीन, पण वाकणार नाही. वाकायचं केव्हा ते आता तू सांगशील.

तुझा, तुझ्या पायांपासून लांब उभा असलेला,
मामा